पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

“बाई, माझा मुलगा आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. शाळा सातवीपर्यंत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून बघतेय, सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत येते. घरात आला की दप्तर टाकून आधी मोरीत पळतो. विचारलं तर म्हणतो, पाणी प्यालं की शूला लागते. मग शाळेत जायचं की, म्हटलं तर गप्प बसतो. सासूबाई म्हणतात, पोरगा आहे तो, मुलगी असती तर गोष्ट वेगळी, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? मुख्याध्यापक सर माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, ‘ताई, आता चार कॅमेरे बसवलेत, काळजी सोडा.’ मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पण नावालाच. रजिस्टर घरी येतं, मी सही करते. मी उगाच काळजी करतेय का? आणि उगाच नसेल तर नेमकं काय करू?”

– एक आई, सातारा जिल्हा

तुमची काळजी उगाच नाही. सात वर्षांचं पोर “मला तिथं भीती वाटते” असं सरळ वाक्य फार क्वचित बोलतं. ते पाणी प्यायचं सोडतं, नाहीतर शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखायला लागतं. कधी एखाद्या वाटेनं जायला नाही म्हणतं. आपण मोठी माणसं त्याला नखरे म्हणतो.

मीही म्हटलंय. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत गेली माझी, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून. तिसरीतली एक मुलगी दर शनिवारी गैरहजर असायची. शनिवारी सकाळची शाळा, तिला उठायचा कंटाळा येत असणार, असं मीच ठरवून टाकलं. दोनदा वर्गात उभी केली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पालकांची अनास्था’ असं लिहिलं. पुढं कधीतरी तिच्या आजीकडून कळलं, की शनिवारी वडापमधून, म्हणजे प्रवासी जीपमधून, शेवटी उतरणारी ती एकटीच असायची आणि पुढच्या सीटवर बसायला लागायचं म्हणून ती घरातून निघायचीच नाही. त्या सीटवर काय होत होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. विचारायची वेळ निघून गेली होती. तो शेरा मात्र माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी कॅमेऱ्यांपासून सुरू करत नाही. आधी उद्या-परवा मधल्या सुट्टीत शाळेत जा. सरांना आधी कळवायची गरज नाही. समितीवरच्या बाईनं शाळेत डोकावणं हे तिचं कामच आहे. मुलांची मुतारी आणि संडास आपल्या डोळ्यांनी बघा. आतून कडी लागते का, आणि लागत असेल तर दुसरीतल्या पोराचा हात तिथं पोचतो का? नळाला पाणी आहे का? एखादा चांगला संडास कुलपात आहे का? पुष्कळ शाळांत एक स्वच्छ संडास असतो आणि त्याची किल्ली शिक्षकांच्या खिशात असते, हे मी घरातल्या माणसाच्या नात्यानं सांगतेय. वर्गापासून तिथवरची वाट कुठून जाते? पाठीमागं झाडी आहे का? ओसाड खोली आहे का? बाहेरची माणसं तिथून ये-जा करतात का? आणि मुख्य म्हणजे सुट्टीची घंटा झाली की त्या दाराशी कोण उभं असतं?

निम्म्या वेळा सगळं कोडं तिथंच सुटतं. घाण असते, अंधार असतो, दाराला फळी नसते. पोराला लाज वाटते, एवढंच. तसं निघालं तर देवाचे आभार माना आणि सुताराला बोलवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी आणि कुंपण लिहिलेलं आहे. सर आपल्यावर काही उपकार करत नाहीत. पैशाचं रडगाणं गायलं गेलं तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान विचारा. पटसंख्येप्रमाणे ते शाळेला मिळतं आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. कडी-कोयंडा त्यात सहज बसतो. तोवर पोराला लघवी करताना जळजळ होत असेल किंवा अधूनमधून ताप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवी तुंबवून धरायच्या सवयीनं संसर्ग होतो.

आता कॅमेरे. ते नकोत असं मी म्हणणार नाही. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनानं शाळांना कॅमेऱ्यांची सक्ती केली आणि गावोगावच्या शाळांत ते दिसायला लागले. पण त्याच घटनेकडे नीट बघा. लहान वर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती आणि आरोप होता शाळेतल्याच एका सफाई कामगारावर. जागा होती स्वच्छतागृह. तिथं कॅमेरा नसतो, आणि नसायलाच हवा. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं, म्हणून २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल बंद पडल्या. कॅमेरा झालेलं दाखवतो, तेही वीज असेल तर आणि कुणी बघत असेल तर. तुमच्या शाळेतल्या चारही कॅमेऱ्यांची तोंडं कुठं आहेत ते बघा. माझी पैज आहे, एक फाटकाकडे, एक झेंड्याच्या खांबाकडे आणि एक ऑफिसात असेल. चौथा स्वच्छतागृहाच्या आत नको, पण तिथं जाणाऱ्या वाटेवर लावता येईल. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं हेही विचारून ठेवा. आणि हे सगळं झाल्यावरही तिथं एक माणूस लागेलच.

पोराशी बोलायचं कसं, हे खरं अवघड काम.

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारू नका. त्याला वाटेल आपलं काहीतरी चुकलंय. पावट्याच्या शेंगा सोलत बसा, त्यालाही चार द्या. दोघांचे हात कामात असले की तोंड मोकळं होतं. “तुला कुणी हात लावला का रे?” असं विचारू नका. हा प्रश्न उत्तर तोंडात कोंबतो. पोर आईचा चेहरा वाचतं आणि तिला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. पुढं खरंच काही निघालं तर हाच प्रश्न प्रकरणाला नडतो. त्याऐवजी म्हणा, “तुमच्या शाळेची मुतारी कशी आहे, मला चित्र काढून दाखव.” मग चित्रावर बोट ठेवून, “इथं कोण असतं? मग काय होतं?” आणि मग गप्प बसा. आपल्याला गप्प बसणं जमत नाही, तिथंच घोडं अडतं. तो त्या दिवशी काहीच बोलला नाही तर विषय सोडा, दोनतीन दिवसांनी पुन्हा शेंगा घ्या.

आणखी एक. त्याला त्याच्या अवयवांची नावं द्या. आपल्याकडे नाक, कान, गुडघा शिकवतात आणि मध्येच एकदम ‘छी’ येतं. ज्याचं नाव घ्यायचीच बंदी, त्याच्याबद्दल तक्रार कशी करणार? घरात ‘शूची जागा’ म्हणत असाल तर तेही चालेल, पण तो शब्द ठरलेला असू द्या आणि तो उच्चारल्यावर कुणी दटावू नये.

चित्रातून काय निघेल ते मला इथून सांगता येत नाही, पण वाटा मला दोनच दिसतात.

पहिली म्हणजे मोठी पोरं. सहावी-सातवीची चारदोन मुलं मुतारीजवळ टोळकं करून उभी असतात. बारक्यांची चड्डी ओढतात, फटीतून बघतात, बाहेरून कडी घालतात, आत पाणी फेकतात. शिक्षकांना माहीत असतं. “पोरं पोरं आहेत” म्हणून सोडून दिलेलं असतं. याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पहिली-दुसरीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडायची. बारक्यांनी जोडीनं जायचं. रोज एका शिक्षकाची पाळी त्या वाटेवर उभं राहायची, नाव फळ्यावर लिहायचं. माझ्या शेवटच्या शाळेत आम्ही हे केलं तेव्हा शिक्षकांनी कुरकुर केली, महिन्यात अंगवळणी पडलं. त्या मोठ्या पोरांना छड्या मारून प्रश्न सुटत नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहे. एखादा मुलगा नुसती दांडगाई न करता पुन्हा पुन्हा बारक्यांचे कपडे काढायलाच जात असेल, तर त्याच्याशीही कुणीतरी शेंगा सोलत बसायला हवं. हे तो कुठं शिकला, हा प्रश्न त्याच्याही भल्याचा आहे. आणि तो बारक्यांच्या अंगाला हात लावत असल्याचं निघालं, तर तीही पोरांची मस्करी राहत नाही. त्यालाही खाली सांगते तीच वाट.

दुसरी वाट म्हणजे मोठं माणूस. तुमचं पोर कुणाचं नाव घेईल हे आपण आधी ठरवू नये. शिपाई, शेजारच्या वस्तीवरचा कुणी, शिक्षक, खिचडी शिजवायला येणाऱ्यांच्या घरातला कुणी, कुणीही असू शकतं. बहुतेक वेळा ते माणूस मुलाच्या ओळखीतलंच असतं. अशा वेळी पोराला एवढंच म्हणा: “बरं झालं सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही.” “आधी का नाही सांगितलंस?” हे तोंडातून जाऊ देऊ नका. “कुणाला सांगणार नाही” असं वचनही देऊ नका, कारण तुम्हाला सांगावं लागणार आहे. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख टाकून वहीत लिहा. आत्या, काका, आजोबा अशी प्रत्येकाकडून उलटतपासणी होऊ देऊ नका. त्या वेळचे कपडे असतील तर धुऊ नका.

आणि मग पोलीस. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पोक्सो कायदा इथं लागू होतो, मुलग्यालाही तितकाच. गुन्हा घडलाय हे माहीत असेल किंवा घडेल अशी धास्ती असेल, तर ते कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुराव्यानिशी खात्री करा असं कायदा तुम्हाला सांगत नाही, ते तपासाचं काम आहे. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्यामुळं कारवाई होत नाही. ठाण्यात जाणं जड वाटलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, नाहीतर ११२. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि तुम्ही त्याच्याजवळ बसायचं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. डॉक्टरांकडे आधी नेलंत तरी चालतं. तातडीचा उपचार करायला पोलिसांचं पत्र मागता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि ती समिती मुलाबरोबर खटला संपेपर्यंत राहील अशी सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. हे मागून घ्या. न मागता मिळेलच याची खात्री धरू नका.

गावात मात्र आधी वेगळंच होतं. चार कर्ते पुरुष एकत्र बसतात, “शाळेचं नाव जाईल, पट कमी होईल” म्हणतात, कुणीतरी तंटामुक्ती समितीचा विषय काढतं. बांधाचं भांडण तिथं मिटू द्या. हे तिथं मिटवता येत नाही. आणि सर चांगले आहेत म्हणता ना, तर त्यांना एक गोष्ट शांतपणे सांगा: हाताखालच्या माणसानं केलेला असा गुन्हा कळवला नाही, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. “आधी आपण आपल्यात चौकशी करू” या वाक्यापायी बरी माणसं अडकलेली मी बघितलीत.

सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही. केंद्राच्या महिला आणि बाल विकास मंत्रालयानं २००७ मध्ये बाल अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेरा राज्यांत, आपल्या महाराष्ट्रातही, १२,४४७ मुलांशी बोलून. कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. मुलग्यांना कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत, म्हणून घरोघरी वाटतं की हे फक्त मुलींचं. सासूबाईंना हा आकडा सांगू नका हवं तर. एवढंच म्हणा की पोरगं दिवसभर तहानलेलं राहतं. आजीला तहान लगेच कळते.

तुमच्या समितीकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य तिथलं आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कायद्यात हे उगाच लिहिलेलं नाही. पण होतं काय, तर बाईचं नाव आणि रजिस्टरवर तिची सही. बैठकीला तिचा नवरा जातो, नाहीतर बैठक होतच नाही. शिवाय मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ हवी. तीत अंगणवाडी सेविका आहेत, पोलीस पाटील आहेत, पालक आहेत, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीसुद्धा आहेत. तुमच्या शाळेत ती कागदावर नक्की असेल. कोण कोण आहे ते विचारा. अंगणवाडीच्या ताई त्यात असतील तर त्यांनाच आधी गाठा. गावातल्या कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तक्रार पेटीचंही तसंच. पेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या दारावर असते आणि किल्ली त्यांच्याच टेबलात. कोण टाकणार चिठ्ठी तिथं? पेटी मुलींच्या-मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवी, आणि उघडताना समितीतली एक बाई समोर हवी. दुसरीतल्या मुलाला लिहिता येत नाही म्हणाल, तर चित्र टाकू दे. आम्ही एकदा असंच सांगितलं होतं. तीन महिने पेटीत फक्त मोर आणि गणपती निघाले. चौथ्या महिन्यात एका पोरानं विजेच्या मोटारीची उघडी वायर काढून टाकली होती, पाण्याच्या टाकीजवळची. आम्ही चौघं शिक्षक रोज तिच्यावरून चालत होतो.

कॅमेऱ्यांच्या गडबडीत पोरांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या अशा गोष्टी राहून जातात. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितलं, वरून खडे पडताहेत असं आम्ही सांगितलं होतं, तर आम्हाला दटावून बसवलं. तुमच्या शाळेत पावसाळ्यात कुठल्या खोलीत पोपडे पडतात हे पोरांना विचारा. फाटक डुगडुगतंय का, विहिरीला कठडा आहे का, हेही तीच सांगतील. शाळा सुटल्यावर पोराला न्यायला कोण येतं याची यादी वर्गशिक्षकाकडे आहे का, तेवढं मात्र तुम्ही विचारा. “मामा आलाय” म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती मूल देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

पण एकदम दहा विषय काढू नका, एकही पुरा होणार नाही. या महिन्यात फक्त ती मुतारी. कडी, पाणी, लहानांची वेगळी सुट्टी आणि दाराशी उभं राहणाऱ्या शिक्षकाची पाळी. दुसरीतल्या आणखी दोन आयांना विचारून बघा, त्यांच्या पोरांच्या बाटल्या कशा परत येतात. माझा अंदाज आहे, तुम्ही तिघी व्हाल. तिघींनी मिळून बैठकीला जा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, ‘सूचना मांडली’ असं नाही, तर कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, असं. आणि त्याच्या आधी रजिस्टर घरी आलं, तर या वेळी सही न करता परत पाठवा आणि घेऊन येणाऱ्याला बैठक कधी आहे ते विचारा.